कोपऱ्यावरच्या बेकरी-कॅफेत दुपारी जेवलात का? (अनुभव धागा)

खिडकीतली

आईचा फोन रोज पावणेदोनच्या सुमारास येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" गेल्या मंगळवारी या प्रश्नावर मी चक्क अडखळले. अर्ध्या तासापूर्वी पोट भरून उठले होते, तरी "जेवले" म्हणायला जीभ रेटेना. "खाल्लं काहीतरी," म्हणाले आणि विषय बदलला.

घरात रंगकाम चाललंय. ओट्यावर डबे, डब्यांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर रंगाचे शिंतोडे. म्हणून साडेबाराला आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या बेकरीत गेले. ही बेकरी मला फक्त ब्रेडपुरती ठाऊक. आत सहा टेबलं आणि कॉफीचं यंत्र आहे हे रोज दिसायचं, पण ती जागा आपली नव्हे, लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांची, असं माझं मीच ठरवून ठेवलेलं.

फळ्यावर खडूनं तीनच ओळी होत्या. आजचं सूप, आजचं सँडविच, किश (अंडं-सायीचं सारण भरून भाजलेला खारा पदार्थ). मी जरा खट्टू झाले. एवढंच? सूप मागितलं. काउंटरवरच्या मुलीनं मागच्या फळीवरून एक गोल, काळपट तपकिरी लोफ उचलला आणि करवतीसारख्या दातांच्या सुरीनं कापायला घेतला. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना सुरी नुसती घसरत होती, कवचाचा चुरा उडत होता. मग एकदम आवाज बदलला आणि सुरी आत गेली. दोन जाड काप, त्यातला एक टोकाचा. म्हटलं, नवीन गिऱ्हाईक बघून खपवलं बाईनं.

तोच तुकडा सगळ्यात भारी निघाला. आतली बाजू दाट सुपात टेकवली की गप्पकन शोषून घ्यायची, कवच मात्र होतं तसंच कडक. पहिल्यांदा गरम, मऊ, आंबट आणि मग दाताखाली कुर्रकन. शेवटी वाडगा पुसून खाल्ला. इकडेतिकडे बघून, पण खाल्ला.

तरीही ते जेवण होतं का? ताट नाही, वाढणं नाही, "आणखी घे" नाही. पोट तर रात्री आठपर्यंत भरलेलं होतं. मला प्रश्न पडलाय म्हणून धागा काढतेय. तुम्ही अशा ठिकाणी दुपारी जेवला आहात का? काय मागवलं, काय जमलं, काय फसलं? पुन्हा गेलात का? एकच विनंती, दुकानाचं नाव-गाव लिहू नका. जाहिरात नको आणि बदनामीही नको.

चवीपुरतं मीठ

खाणं. ज्यात "आणखी घे" नाही ते खाणं. पुढचा प्रतिसाद.

लॅपटॉपवाला

धाग्यात माझा उल्लेख आल्यानं हजेरी लावणं भाग आहे.

मी दोन वर्षं अशाच एका जागेत आठवड्यातून तीन दिवस बसून काम केलं. सुरुवातीला माझा हिशोब सोपा होता. एक कॉफी घ्यायची आणि चार तास बसायचं. एके दिवशी बारा वाजता मालकीणबाई आल्या, टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "तुम्ही इथे बसता ते मला आवडतं. पण साडेबारा ते दोन माझी सहाच टेबलं आहेत." बस, एवढंच. मी एवढा ओशाळलो की त्या दिवसापासून त्या दीड तासात एकतर जेवायचं, नाहीतर उठायचं, असा नियम केला. आणि जेवायला लागल्यावर कळलं की दोन वर्षांतले पहिले सहा महिने मी फुकट घालवले होते.

माझा अनुभव असा की पहिल्या भेटीत किश मागवावा. सँडविच वाईट असलं तरी भूक आणि मस्टर्ड मिळून ते झाकून टाकतात. किशमध्ये लपायला जागा नाही. तळाचा पापुद्रा ओला, कच्चट लागला तर समजावं की घाई झाली आहे. तो कोरडा राहून वरचं अंडं-सायीचं सारण थरथरतं असेल, तर आत कुणीतरी लक्ष देणारं माणूस आहे. सारण रबरासारखं उचललं गेलं तर ते दोनदा गरम केलेलं असतं.

जेवणानंतर तीन वाजता कॉफी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं जायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे रात्री आठला अर्धा कप अजून अंगात असतो. माझी झोप उडाली तेव्हा मी दोष कामाला देत होतो.

कानडोळा

माझं वय ७१. दोन्ही कानांत यंत्र, वरचे दात कवळीचे. बेकरी-कॅफे या दोन्हींचा शत्रू आहे, तरी आम्ही दोघं दर गुरुवारी जातो.

पहिल्या वेळी आम्हाला काउंटरजवळचं टेबल मिळालं. सौ. काहीतरी बोलायला लागली की तिकडे बिया दळायचं यंत्र घर्रर्र सुरू. ते थांबलं की दुधात वाफ सोडल्याचा किंकाळीसारखा आवाज. कानातलं यंत्र बिचारं सगळंच मोठं करून ऐकवतं. मी तीन वेळा "काय?" विचारलं, चौथ्यांदा नुसतीच मान डोलावली आणि नंतर कळलं की मी तिच्या भावाकडे चार दिवस राहायला जायला होकार दिलेला आहे.

मग मी निरीक्षण केलं. (निवृत्त माणसाला दुसरं काम काय?) दळण दहाएक सेकंद. एक एस्प्रेसो उतरायला २५ ते ३० सेकंद, त्यात आवाज कमी. ९ बार दाबानं पाणी ढकलतात म्हणे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या नऊपट. मग वाफ. दूध साधारण ६० ते ६५ अंशांवर आलं की थांबतात, त्यापुढे गेलं तर उतू आलेल्या दुधासारखा वास येतो. तेव्हा बोलायचं ते कॉफी उतरत असताना, वाफेच्या वेळी घास घ्यायचा. आता आमची लय बसली आहे. इटलीतल्या तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोनं १८८४ साली वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. गिऱ्हाइकाला ताटकळावं लागू नये म्हणून केलेली सोय. गिऱ्हाइकाच्या कानांचा विचार त्यात कुठे दिसत नाही.

दातांचं सांगायचं तर जाड कवचाचा ब्रेड चावायच्या भानगडीत पडू नये. सुपात दोन मिनिटं ठेवावा आणि तेवढ्यात बायकोचं ऐकून घ्यावं. धागाकर्त्या ताईंनी टोकाचा तुकडा खाल्ला हे वाचून माझी कवळी शहारली.

जेवण की खाणं? समोर माणूस असेल तर जेवण.

चवीपुरतं मीठ

@कानडोळा काका, भावाकडचे चार दिवस कसे गेले तेवढं सांगा. त्याचा वेगळा धागा काढा.

सदाउशीर

माझा अनुभव थोडक्यात आणि कडवट आहे. पावणेतीनला पोचलो. फळ्यावरच्या तीनपैकी दोन ओळींवर काट मारलेली. काचेच्या फ्रिजमध्ये एकच सँडविच उरलेलं, ते घेतलं. ब्रेड गार, वातड, कडा चामट. मधे काकडीनं सोडलेलं पाणी. बाहेरून सुकलेलं आणि आतून ओलं असं एकाच वस्तूत कसं जमवतात, ही कला आहे.

मी विचारलं, "ब्रेड कालचा आहे का?" तर मुलगा म्हणाला, "नाही, सकाळचाच." मला ते खोटं वाटलं. वर म्हणाला, "उद्या बाराला या." मी जेवायला आलो होतो की रेल्वे पकडायला?

पुन्हा गेलो नाही. बेकरीत जेवायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या वेळापत्रकावर भूक लावून घेणं.

रात्रपाळी

सदाउशीर, तो मुलगा बहुतेक खरं बोलत होता. मी अकरा वर्षं बेकरीत काम केलं, गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून आता घरी आहे. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

ब्रेड शिळा होणं म्हणजे वाळणं, असं सगळ्यांना वाटतं. पाणी उडतं हे खरं, पण मुख्य भानगड स्टार्चची. भाजताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. थंड झाल्यावर त्याचे कण पुन्हा एकमेकांना घट्ट धरायला लागतात आणि ब्रेड ताठर होतो. ही घट्ट धरण्याची क्रिया सर्वांत वेगानं कुठे होते, तर फ्रिजच्या थंडाव्यात. म्हणजे सकाळी सहाला निघालेला ब्रेड आठला सँडविच करून फ्रिजमध्ये टाकला, तर दुपारी तो बाहेर ठेवलेल्या कालच्या ब्रेडपेक्षाही म्हातारा लागतो. काउंटरवर कापडात ठेवावा, नाहीतर सरळ डीप फ्रीझरमध्ये. मधलं घर वाईट. उपाय सोपा आहे, गरम करून मागायचा. उष्णतेनं ती पकड सुटते आणि ब्रेड पुन्हा मऊ होतो, पण थोड्याच वेळापुरता. लगेच खाल्ला पाहिजे.

आता दुसरं. "ब्रेड ताजा आहे ना?" हा प्रश्न दुपारी बेकरीत विचारणारा माणूस बहुतेक वेळा चुकीचा प्रश्न विचारत असतो. ओव्हनमधून नुकता निघालेला लोफ सँडविचला कुचकामी. आत वाफ कोंडलेली असते, सुरी घातली की गर गोळा होऊन पात्याला चिकटतो. साधा लोफही तासभर, मोठा असेल तर दोन तास निवू द्यावा लागतो. राय नावाच्या धान्याचा जड ब्रेड तर दुसऱ्या दिवशीच खरा लागतो. आणि भाजलेल्या सँडविचसाठी कालचा सावरडो, म्हणजे जपून ठेवलेल्या आंबवणावर फुगवलेला आंबट ब्रेड, आजच्यापेक्षा उजवा. त्यात पाणी कमी, म्हणून तव्यावर पटकन रंग धरतो. तो तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो साखर आणि प्रथिनांच्या रासायनिक लग्नातून. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ते मांडलं. ही क्रिया चांगला जोर धरते १४० अंशांच्या पुढे. पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० च्या वर जातच नाही, आधी पाणी उडावं लागतं. कालच्या ब्रेडनं हे अर्धं काम रात्रीतूनच करून ठेवलेलं असतं.

मग दुपारी बेकरीत मिळतं ते जेवण काय असतं? आमच्याकडे ते ओव्हनच्या उतरणीचं जेवण होतं. रात्री दोनला मी यायचो. आदल्या दुपारी मळून थंडीत ठेवलेली कणिक बाहेर काढायची. पहिला घाणा ब्रेडचा, ओव्हन २४० च्या आसपास. सुरुवातीला आत वाफ सोडायची, म्हणजे वरची कातडी ओली राहते आणि लोफ फुलून वर येतो. मग क्रोसाँ (लोण्याच्या थरांचे पापुद्रेदार पाव) वगैरे थोड्या कमी आचेवर. मग केक, किश १८० ला. सगळ्यात शेवटी, भाजणी संपली की उरलेल्या उष्णतेवर टोमॅटो, भोपळी मिरच्या, कांदे, लसणीचे अख्खे गड्डे ट्रेमध्ये ठेवून द्यायचे. अकराला ते सुरकुतलेले, कडेनं काळे, रसात बुडालेले असायचे. तेच सूप. खिडकीतली, तुमचं सूप दाट होतं म्हणालात. बहुतेक त्यात कालचा ब्रेडच वाटून घातलेला होता. साय नसेलही.

काल उरलेला ब्रेड म्हणजे क्रूटॉन (सुपात टाकायचे कुरकुरीत तुकडे), चुरा, पुडिंग, सूप आणि भाजलेलं सँडविच. फळ्यावर तीनच ओळी असतात त्या आळसानं नव्हे, काल काय उरलं आणि आज ओव्हननं काय दिलं त्यावर त्या ठरतात. फळ्यावर अठरा पदार्थ असलेली सहा टेबलांची बेकरी मला संशयास्पद वाटते. ते सगळं कुठल्या तरी फ्रीझरमधून येत असणार.

आणि तीनच्या आत संपतं, कारण किती भाजायचं ते आदल्या दिवशी ठरतं. न विकला गेलेला लोफ म्हणजे पीठ, वीज आणि माझी झोप, तिन्ही वाया. "संपलं" असं सांगताना आम्हालाही बरं वाटायचं, हे मान्य करतो.

टोकाचा तुकडा नवख्या गिऱ्हाइकाला खपवत नाहीत हो. भांडणं होतात त्यावरून आमच्यात. सगळ्यात जास्त कवच त्यालाच असतं.

सदाउशीर

ठीक. मुलाची माफी मागतो, मनातल्या मनात. सँडविचची नाही.

दोनच मिनिटं

लेक अडीच वर्षांची आहे, त्यामुळे माझं जेवण म्हणजे उभ्यानं गिळलेले घास. बेकरीत जायला लागले ते एका कारणासाठी. तिथे अन्न लगेच समोर येतं. साध्या हॉटेलात ऑर्डर देऊन वीस मिनिटं थांबायचं म्हणजे लेकीनं मीठदाणी रिकामी करायला वीस मिनिटं. इथे बोट दाखवलं की बशीत.

पहिल्या खेपेला चूक केली. तिला क्रोसाँ दिला. तुम्ही कधी लहान मुलाला क्रोसाँ खाताना पाहिलंय? ती खात नाही, उलगडते. एक एक पापुद्रा सोलून माझ्या कुर्त्यावर, बाकावर, शेजारच्या बाईंच्या पर्समध्ये. मी खाली वाकून वेचत होते. तेवढ्यात भट्टीवरचा माणूस पिठाच्या हातांनी बाहेर आला. वाटलं, आता ओरडणार. तो म्हणाला, "सत्तावीस असतात." मी म्हटलं, काय? म्हणाला, "लोण्याचे थर. तीनदा तिघडी घातली की सत्तावीस. मोजू दे तिला." आणि गेला आत.

तेव्हापासून ती आकड्यांत फक्त एक, दोन आणि सत्तावीस म्हणते.

जेवण की खाणं माहीत नाही. मी बसून, गरम, दोन्ही हातांनी खाल्लं. आता तिच्यासाठी साध्या मऊ ब्रेडचं चीज सँडविच, चौकोनी तुकडे करून. माझ्यासाठी जे असेल ते. आणि निघताना टेबलाखालचा कचरा मी स्वतः उचलते, कारण पुन्हा जायचंय.

खाडाखोड

मला एक राग काढायचाय. आमच्या इथल्या एका जागेत दारावर झोकात लिहिलंय, "रोज इथेच ताजं भाजलेलं". मी भाबडेपणानं दोन महिने क्रोसाँ-सँडविच खाल्लं, मित्रांना नेलं, "बघा, हाताची कला" वगैरे भाषणं दिली. एक दिवस मागच्या दारानं माल उतरताना दिसला. खोक्यात गोठवलेले, एकसारखे, शिस्तीत झोपलेले क्रोसाँ. एका खोक्यात साठ.

चव तीच होती हो. कालपर्यंत आवडत होती. पण त्या दिवशी घशाखाली उतरेना. माझं चुकतंय का?

रात्रपाळी

चुकत नाही, पण पाटीही खोटी नाही. "इथेच भाजलेलं" लिहिलंय, "इथेच मळलेलं" नाही. शब्द वाचायला शिका, असं आमचे उस्ताद म्हणायचे. फ्रान्सनं ही पळवाट ब्रेडपुरती कायद्यानं बंद केली. १९९८ पासून तिथे "बुलांजरी" हे नाव दुकानाला लावायचं तर कणिक तिथेच मळायची, तिथेच आकार द्यायचा, तिथेच भाजायचा आणि मधे कुठेही गोठवायचं नाही. पण हा नियम ब्रेडचा. क्रोसाँ त्यात येत नाही, त्यामुळे तिथल्या दुकानांतही बाहेरून आणलेले गोठवलेले क्रोसाँ असतात.

क्रोसाँ हाताने करणं सहा टेबलांच्या दुकानाला खरंच परवडत नाही कधी कधी. लोणी आणि कणिक दोन्ही एकाच वेळी गार आणि लवचीक ठेवायची. खोली जरा तापली की लोणी कणकेत जिरतं आणि पापुद्र्यांच्या जागी पाव होतो. शिवाय मळल्यापासून खाण्यापर्यंत दोन दिवस. मी असतो तर क्रोसाँ सोडून दिला असता, ब्रेडवर दुकान चालवलं असतं. पण गिऱ्हाईक काचेत क्रोसाँ दिसला नाही तर आत येत नाही, हेही पाहिलंय. तुम्ही विचारा त्यांना थेट, "यातलं तुम्ही स्वतः काय मळता?" बरेचदा एक गोष्ट असते, आणि ती सांगताना चेहरा बदलतो. ती खा.

बिनग्लूटेन

वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं. मला सीलिअ‍ॅक आहे. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, पोटात गेलं की माझंच शरीर माझ्या आतड्यांवर उठतं. बेकरी म्हणजे माझ्यासाठी वाघाची गुहा, पण मैत्रिणी नेमक्या तिथेच भेटतात.

एका ठिकाणी काचेत "ग्लूटेन-फ्री" चिठ्ठी लावलेला बदामाचा केक होता. मी खूश. मुलीनं शेजारचा क्रोसाँ उचललेल्या चिमट्यानंच तो उचलला, सुरी ब्रेडची, पाटावर पिठाची भुकटी. मी "नको" म्हटलं तर म्हणाली, "यात मैदा नाहीये." तिच्या बाजूनं बरोबरच. पण आंतरराष्ट्रीय निकष किलोमागे २० मिलीग्रॅमचा आहे. तेवढं ग्लूटेन चिमट्याला चिकटलेल्या चुऱ्यातूनही येऊ शकतं. दुसऱ्या एका जागी मला समजावलं की सावरडो आंबवलेला असतो, त्यात ग्लूटेन "मरतं". मरत नाही. थोडं कमी होत असेल, पण गव्हाचा सावरडो आमच्यासाठी वर्ज्यच.

तिसरी जागा मात्र लक्षात राहिली. मालक बाहेर आले, शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे पीठ हवेतच असतं. तुम्हाला मी काही देऊ शकत नाही, आणि दिलं तर घेऊ नका." मग विचारलं, "घरून काही आणलंय?" होतं पर्समध्ये. "मग उघडा इथेच." काळ्या कॉफीसाठी नवा कागदी कप काढला. मैत्रिणी त्यांची सँडविचं खात होत्या, मी माझा डबा. स्पष्ट "नाही" ऐकून इतकं बरं वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

जाता जाता, गव्हाचा हा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी उघड केला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती, ब्रेड मिळत नव्हता, आणि त्यांच्याकडची ही मुलं मात्र त्या काळात सुधारताना दिसली. ब्रेड परत आला, मुलं पुन्हा आजारी पडली. बेकरीच्या खिडकीशी बसून डबा खाताना मला दर वेळी ते आठवतं. चविष्ट विषय नाही, माफ करा.

@चवीपुरतं मीठ, "आणखी घे" कुणी म्हणालं नाही, पण ते जेवण होतं.

चवीपुरतं मीठ

बरं. माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो.

आता माझाही अनुभव. मी एकट्यानं जेवायला लाजणारा माणूस. हॉटेलात एकट्याला "किती जण?" विचारतात ना, तिथेच माझी भूक मरते. बेकरीत कुणी विचारत नाही, रांगेत सगळे एकटेच असतात. मशरूमचं गरम सँडविच घेतलं होतं, कडेनं चीज वितळून तव्यावर जळलेलं, त्याची जाळी सँडविचला लटकत होती. ती आधी तोडून खाल्ली. सांगण्यासारखं यापेक्षा जास्त काही नाही. पण मी तिथे चाळीस मिनिटं बसलो आणि फोन एकदाही खिशातून काढला नाही.

लॅपटॉपवाला

ती जळकी जाळी वेगळी मागितली तर देतात. नम्रपणे मागावी लागते.

खिडकीतली

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आज पुन्हा गेले. मुद्दाम बाराला, सदाउशीर यांचं स्मरण करून. काउंटरजवळचं टेबल टाळलं, कानडोळा काकांचं स्मरण करून.

आणि विचारलं, "यातलं तुम्ही स्वतः काय मळता?" मुलगी आधी दचकली. मग वळून आतल्या माणसाकडे बघितलं. तो म्हणाला, "ब्रेड सगळा. क्रोसाँ नाही." रात्रपाळी, चेहरा खरंच बदलला. त्यानं मला आत बोलावून आंबवणाची एक मोठी बरणी दाखवली, रबर बँड लावलेली. सकाळी पीठ तिथपर्यंत होतं, आता बँडच्या दुप्पट वर. झाकण काढल्यावर आंबट, फळांसारखा वास आला. नऊ वर्षांचं आहे म्हणाला, रोज पीठ-पाणी घालून जगवलेलं. सुट्टीवर जाताना बायकोकडे देऊन जातो.

सूप आज भोपळ्याचं होतं. "यात कालचा ब्रेड आहे का?" असं विचारल्यावर दोघं हसले, उत्तर दिलं नाही. कालच्या लोफचं सँडविच मागितलं, भाजून. टोकाचा तुकडा न मागता आला. वाडगा पुसताना इकडेतिकडे बघितलं नाही.

उठत होते तेवढ्यात फोन.

"जेवलीस का?"

"हो, जेवले," म्हटलं. या वेळी ठासून.

"काय जेवलीस?"

"सूप. आणि ब्रेड."

पलीकडे जरा शांतता. मग आई म्हणाली, "म्हणजे नाही जेवलीस. घरी जाऊन काहीतरी खा."